कोरियातली उबदार जमीन
दक्षिण कोरियातल्या तीन पिढ्यांचं आयुष्य तिथल्या घरांच्या जमिनीत वाचता येतं. जुन्या घरांत चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या बोळांतून फिरे आणि खोली उबदार होई. ही ओंदोल पद्धत. १९५० ते १९५३च्या युद्धात शहरं उद्ध्वस्त झाली, डोंगरही उघडे पडले. लाकूड मिळेना, तेव्हा घरोघरी कोळशाच्या भोकं पाडलेल्या गोल वड्या जळू लागल्या. त्यांतला विषारी वायू जमिनीच्या भेगांतून वर येई आणि माणसं झोपेतच दगावत. किती घरं अशी उजाड झाली! पुढे उंच इमारती आल्या, फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आले. नातवंडं आता विसाव्या मजल्यावर राहतात. पाय टेकतात ते मात्र उबदार जमिनीवरच.