बिघडलेली सकाळ

नळाला पाणी नाही, घरात कुरबुर, त्यात दारातच जॉबरचा शब्द लागलेला. असा कामगार इचलकरंजीत मागावर उभा राहिला, की धोट्यावर नजर ठरत नाही. एखादे वेळी बोटच जाते. त्याला ‘मन शांत ठेव’ म्हणणारे पंडित पुष्कळ! आम्ही युनियनवाले एवढेच सांगतो: गड्या, तोंडावर पाणी मार, सोबत्यापाशी दोन शब्द बोलून टाक, मग एकच तुटलेला धागा सांध. हाताला लय सापडली, की डोके मागोमाग येते. पण त्याला उसंत हवी. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग ५ तासांपेक्षा अधिक काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी, असे ठरविले. ती निव्वळ भाकरीपुरती नव्हे. लहान कारखान्यांत पुष्कळदा ती चालत्या मागाशेजारीच उरकावी लागते, आणि आमचे भांडण तेथे आहे.