पिणाऱ्याचे काय करायचे?

“माझ्या पैशाची पितो, तुमचे काय जाते?” हा प्रश्न आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत नवा नाही. त्याचे उत्तर इथल्या बायांनी केव्हाच दिले आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या मागणीतून. चंद्रपूरच्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून पायी निघाल्या आणि नागपूरच्या अधिवेशनावर धडकल्या. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरातही बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी जमली की फसली, हा वाद चालू राहील. पण पिणारे एक होते आणि पाय झिजवणाऱ्या दुसऱ्या, एवढे तरी मान्य करू. उन्हाळ्याच्या तोंडावर भल्या पहाटे बाई मोहाखाली वाकून फुले वेचते, अंगणात वाळत घालते. त्या टोपलीतून घरात तेल-मीठ येऊ शकते आणि त्याच फुलांचा दारूसाठी सडवाही लागू शकतो. मोह आदिवासींच्या देवाधर्मात आहे, हे खरे. पण देवापुढचे चार थेंब वेगळे आणि रोजच्या विक्रीची भट्टी वेगळी. ठरवणारा एक आणि उपाशी निजणारे सगळे घर, अशी गोष्ट खासगी कशी?

मग त्या माणसाचे काय करायचे? ख्रिस्ती धर्माचे उत्तर आधी अन्यायाचेच वाटते: त्याच्यावर प्रेम करा, तेही तो सुधारण्याआधी. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने देवाचे प्रेम असेच सांगितले आहे, लायकीची वाट न पाहणारे. लोक म्हणतात, अशाने तो आणखी सोकावेल. त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातली उडाऊ पुत्राची गोष्ट पुन्हा वाचावी. मुलगा दूरदेशी पैसा उधळतो, शेवटी डुकरे राखायची पाळी येते. पण बापाने मागून पैसे पाठवल्याचा शब्द त्या गोष्टीत नाही. मुलगा घराकडे वळलेला लांबून दिसला, तेव्हा मात्र बाप धावत सुटला. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानात हेच दोन्ही चालते: गावातल्या बाया मोहसडवा ओतून देतात, आणि पिणाऱ्यासाठी तालुक्याला व्यसनमुक्तीचा उपचारही असतो.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. या प्रेमाचा खर्च शेवटी मार खाणाऱ्या बायकोच्याच माथी येतो. तिला “क्षमा कर आणि नांद” असे सांगणे म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने तिच्यावर दुसरा घाव घालणे. ती माहेरी गेली, पोलिसांत गेली, तर तिने काही चुकीचे केले नाही. त्याचा मार ज्यांच्या अंगावर पडलेला नाही त्यांनी, म्हणजे शेजाऱ्यांनी, मंडळीने, गावाने, त्याचा भार उचलायला हवा. श्रोतेहो, असा कोणी तुमच्या गावात असेल, तर सकाळी तो शुद्धीवर असताना त्याच्या दारी जा, आणि उपचाराच्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चला.