आर्चीची बुलेट कोणाची?

‘सैराट’ला आपण प्रेमकथा म्हणतो. माझ्या लेखी तो थरारपट आहे; फक्त भीती कुठे दडली आहे हे दिग्दर्शक नागराज मंजुळे शेवटपर्यंत कळू देत नाहीत. जेऊरच्या या माणसाने आमच्या करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी पडद्यावर आणली. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. 29 एप्रिल 2016 ला सिनेमा लागला, ‘झिंगाट’ला लोक पडद्यापुढे जाऊन नाचले, आणि पाटलाची पोर आर्ची व मासे धरणाऱ्याचा पोरगा परशा या जोडीतला धोका त्या नाचात विसरला गेला.

आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, याचं फार कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं. पण ती बुलेट कोणाची? पाटलाच्या घरची. तिचा भाऊ प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली वाजवतो आणि त्याचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. बळ एकाच घरचं. बहिणीच्या हाती ते लोभस दिसतं, भावाच्या हाती भयानक. दोघं पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत जातात, तिथे ते बळ सुटतं. आर्ची कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते. परशा डोसे घालतो. तिचं खरं धाडस मला तिथे दिसतं, बुलेटवर नाही.

मग माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची चहा टाकते. दोघांचा खून दाखवलेलाच नाही. आवाज बंद होतो आणि त्यांच्या लेकराची रक्ताळलेली पावलं तेवढी उमटत जातात. हिंदी ‘धडक’ने 2018 साली ही गोष्ट उदयपूरला नेली, नायिकेला जिवंत ठेवलं, आणि जात जवळजवळ पुसून टाकली. कणाच काढला म्हणा ना!

हे सगळं कल्पनेतलं नव्हे. करमाळ्यापासून फार लांब नसलेल्या खर्ड्यात 28 एप्रिल 2014 ला सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याचा संशय. 2017 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं.

इथे परदेशात असा जातिभेद नाही, असं कोणी म्हणेल. मग सिएटलला 2023 साली जातिभेदाविरुद्ध कायदा का करावा लागला? आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या वधू-वर अर्जात जात-पोटजातीचा रकाना असेल, तर पुढच्या बैठकीत तो काढायचा ठराव मांडा. अनुमोदन मी देतो.