पडद्यावरील सभेचें यजमानपण



लग्नाला जाणें आणि लग्न घरीं काढणें यांत जेवढें अंतर आहे, तेवढेंच सभेला हजर राहणें आणि सभा चालविणें यांत आहे. पाहुण्याला जेवण कसें झालें एवढेंच ठाऊक असतें; यजमानाला पाट किती कमी पडले हेंहि ठाऊक असतें. आज मी आपल्याशीं एका नव्या यजमानपणाविषयीं बोलणार आहें. शंभर-दोनशें माणसें आपापल्या घरीं बसून एकाच पडद्यावर जमतात, त्या व्हिडिओ-सभेचें हें यजमानपण. २०२० सालच्या महामारीनें ही सभा घरोघरीं आणली. महामारी ओसरली, पण सभा राहिली. गृहसंस्थेची वार्षिक सभा असो, पालकांचा मेळावा असो, कीं परदेशीं गेलेल्या मुलानातवंडांसह साजरी होणारी आजोबांची पंचाहत्तरी असो, ती चालविण्याची पाळी आतां कोणावरहि येते.

कल्पना तशी जुनीच. ७ एप्रिल १९२७ रोजीं अमेरिकेचे तेव्हांचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर वॉशिंग्टनमध्यें बोलत असतां न्यूयॉर्कला बेल प्रयोगशाळेंत जमलेल्या मंडळींना त्यांचा आवाज ऐकूं आला आणि चेहराहि दिसला. हूव्हरसाहेबांना मात्र समोरची मंडळी दिसत नव्हती. त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. म्हणजे आपली नभोवाणी आणि ही पडद्यावरची भेट जवळजवळ एका वयाचीं भावंडें. एक लवकर घरांत रुळलें; दुसऱ्याला नव्वदाहून अधिक वर्षें लागलीं.

मीं पहिली सभा चालविली ती २०२० च्या अखेरीस, आमच्या गृहसंस्थेचा चिटणीस या नात्यानें. विषय एकच होता : जुन्या लिफ्टची दुरुस्ती. दारावर मी, भाषणाला मी, हिशेब दाखवायला मी आणि टिपणें घ्यायलाहि मीच. कोणाच्या घरीं कुकरची शिट्टी होत होती, कोणाचा नातू रडत होता. मीं वैतागून सर्वांचे आवाज एकदम बंद करणारी कळ दाबली आणि काय ती शांतता पसरली! दुरुस्तीचा खर्च व तारखा वाचून दाखविल्या, "कोणाची हरकत?" असें विचारलें, क्षणभर थांबलों आणि ठराव एकमतानें मंजूर म्हणून नोंदविला.

दुसऱ्या दिवशीं जिन्यांत तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्या म्हणाल्या, "काल मी बराच वेळ बोलत होतें हो. तुम्ही थेट माझ्याकडे पाहत होतां, म्हणून मला वाटलें, ऐकतां आहांत." त्यांच्या यजमानांना आठवड्यांतून दोनदां डायलिसिसकरितां चाकांच्या खुर्चींतून न्यावें लागे, आणि मीं वाचलेल्या तारखांना लिफ्ट तीन आठवडे बंद राहणार होती. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिलेली होती. काम पुढें ढकलतां आलें नाहीं. त्या तीन आठवड्यांत दर खेपेला चौघांनीं खुर्ची उचलून त्यांना खालीं नेलें आणि वर आणलें. त्या चौघांत मीहि असें, आणि प्रत्येक पायरीला मला ती शांतता आठवे. ती संमतीची नव्हती, मीं दाबलेल्या कळीची होती.

तेव्हांपासून जें शिकलों, तें आपल्यापुढें ठेवतों.

पहिली गोष्ट अशी कीं, आवाज बंद करण्याचा अधिकार यजमानाकडे असतो, पण उघडण्याचा नसतो. सामान्यतः तो समोरच्याला आवाज उघडण्याची विनंती करूं शकतो. कळ त्यानें स्वतःच दाबावी लागते. म्हणून सभेचीं पहिलीं पांच मिनिटें या शिक्षणाला द्यावीं. आवाज कोठें उघडतो, हात वर केल्याची खूण कशी करतात, हें दाखवावें आणि एकदां सर्वांकडून करवून घ्यावें. झूमच्या सभेंत साध्या फोनवरून आलेल्या माणसाला पडद्यावरच्या कळा नसतात. त्यानें ताऱ्याची खूण व सहा दाबलें म्हणजे आवाज उघडतो, ताऱ्याची खूण व नऊ दाबलें म्हणजे हात वर होतो. एवढें एक वाक्य सांगितल्यानें कित्येक वृद्ध माणसें सभेंत खरोखर सामील होतात.

दुसरी गोष्ट मदतनिसांची. पंगतींत यजमान स्वतः वाढीत नाहीं. वाढपी वेगळे असतात, म्हणूनच कोणाचें पान रिकामें आहे हें त्याला दिसतें. पडद्यावरहि तसेंच करावें. एकानें प्रतीक्षाकक्षांतील मंडळींना आंत घ्यावें, दुसऱ्यानें लेखी प्रश्न वाचावे, तिसऱ्यानें वेळ सांभाळावी व टिपणें घ्यावीं. त्यांतील एकाला तरी सह-यजमानाचे अधिकार आधींच देऊन ठेवावे. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. यजमानाचा पडदा काळा झाला तरी सभा पोरकी होऊं नये.

तिसरी गोष्ट दाराची. २०२० च्या आरंभीं अनोळखी लोक भलत्या सभांत शिरून शिवीगाळ करूं लागले, तेव्हां त्याच वर्षीं एप्रिलमध्यें झूमनें आपल्या मोफत खात्यांच्या सभांना परवलीचा शब्द आणि प्रतीक्षाकक्ष आपोआप लागूं केला. ही व्यवस्था त्रासाची वाटली तरी काढूं नये. सभेचा दुवा सार्वजनिक ठिकाणीं टाकूं नये, पडद्यावर कागद दाखविण्याची मुभा यजमानापुरतीच ठेवावी, आणि प्रत्येकानें खऱ्या नांवानें यावें असा आग्रह धरावा. खरें नांव असलें म्हणजे हांकहि मारतां येते.

हांक मारणें ही चौथी गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एका पडद्यावर पंचवीस किंवा फार तर एकोणपन्नास चेहरे दिसतात. बाकीचे पुढच्या पानावर असतात. "कोणाची हरकत?" हा प्रश्न दिवाणखान्यांत ठीक असतो, कारण तेथें खुर्ची सरकल्याचा आवाजहि उत्तर देतो. पडद्यावर नांव घेऊन विचारावें, पानें उलटून पाहावें, आणि प्रश्न विचारल्यावर मनांत सावकाश दहा अंक मोजावे. समोरच्याला कळ शोधायला, घसा साफ करायला आणि धीर करायला तेवढा वेळ लागतोच. ज्या ठरावाची झळ एकाद्या घराला लागणार असेल, त्या घराला आदल्या दिवशींच फोन करावा.

पांचवी गोष्ट फजितीची. ती होणारच, असें धरून चालावें. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत न्यायालयाचें काम व्हिडिओवर चाललें असतां एक वकीलसाहेब पडद्यावर मांजराच्या पिलाच्या रूपांत प्रकट झाले! संगणकांतील एक गमतीची सोय चुकून चालू राहिली होती, आणि बिचारे आपण मांजर नसल्याची ग्वाही देत होते. न्यायाधीश रॉय फर्ग्युसन रागावले नाहींत. चूक कोठें आहे तें त्यांनीं शांतपणें सांगितलें. यजमानाचा आत्मविश्वास म्हणजे याहून निराळें कांहीं नाहीं. चूक झाली तर कारण एका वाक्यांत सांगावें, दुरुस्त करावी आणि पुढें जावें. क्षमायाचनेंत पांच मिनिटें घालविणारा यजमान पाहुण्यांनाच अवघडून टाकतो.

सहावी गोष्ट थकव्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनीं २०२१ मध्यें या थकव्याचीं चार कारणें मांडलीं : अनेक चेहरे एकदम जवळून आपल्याकडे रोखून पाहत आहेत असा भास, स्वतःचा चेहरा सतत समोर असणें, एकाच जागीं खिळून बसणें, आणि देहबोली कळावी व कळवावी म्हणून मनाला पडणारे श्रम. म्हणून सभा तासाभरांत आटोपावी; लांबलीच तर मध्यें विसांवा द्यावा. स्वतःचें चित्र स्वतःपुरतें झांकून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. बोलतांना चेहऱ्यांकडे न पाहतां कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहावें. आम्ही नभोवाणीवर बोलणारे श्रोत्याला न पाहतांच एका ओळखीच्या माणसाशीं बोलल्यासारखें बोलतों. ती संवय येथें उपयोगीं पडते.

शेवटीं, ठरलेल्या वेळीं सभा संपवावी. संपविण्यापूर्वीं काय ठरलें, तें कोण करणार आणि केव्हांपर्यंत, हें मोठ्यानें वाचून दाखवावें आणि पुन्हां दहा अंक मोजावे.

पुढच्या वर्षींच्या सभेंत पाण्याच्या टाकीचा विषय होता. मीं नांव घेऊन विचारलें, "बाई, आपलें मत?" त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाहीं. मी थांबलों. आंकडा सातावर आला असतां कळ दाबल्याचा बारीक आवाज झाला आणि बाई म्हणाल्या, "आतां ऐकूं येतें का?"

येत होतें. त्यांनीं टाकी धुण्याचा दिवस बदलून मागितला, आणि सर्वांनीं तो बदलून दिला.