प्राचीन ग्रीक लोक : त्यांचा देश, त्यांचा समाज आणि त्यांची अक्षरे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील व्याख्यान)



आजचा विषय प्राचीन ग्रीक लोकांचा आहे. इतिहासाच्या पुस्तकातील एक-दोन धडे आणि परीक्षेतला एखादा प्रश्न, एवढीच त्यांची आपली ओळख असते. पण हे लोक आपल्या घरात कधीचेच येऊन बसले आहेत. घरात कोणाला सर्दी-खोकला झाला की आपण युनानी हकिमाकडून जोशांदा आणतो. हा 'युनान' म्हणजेच ग्रीस. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा मुलूख होता व तेथे ग्रीक राहत असत. इराण्यांना आधी भेटले ते हे आयोनियन, म्हणून त्यांनी सगळ्याच ग्रीकांना तेच नाव दिले. त्या नावापासून अरबीत 'युनान' झाले आणि संस्कृतात 'यवन'. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांबांसाठी दान दिल्याचे लेख आजही वाचायला मिळतात. पुढे मराठी बखरकारांनी हाच शब्द मुसलमानांना लावला. शब्दांचे प्रवास असे असतात. त्यावर रागावण्यापेक्षा ते समजून घेतलेले बरे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भूमध्य समुद्रात उतरलेला एक डोंगराळ द्वीपकल्प, आणि त्याच्या पूर्वेला एजियन समुद्रात विखुरलेली असंख्य बेटे. देशाचा बहुतेक भाग डोंगरांनी व्यापलेला आहे. ऑलिंपस पर्वत २,९०० मीटरांहून उंच आहे. मोठी नदी नाही, विस्तीर्ण मैदान नाही. डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यांत जव पिकतात, उतारावर ऑलिव्ह म्हणजे जैतून आणि द्राक्षे होतात. गहू पुरत नाही. अथेन्ससारखे शहर काळ्या समुद्राकडून गहू आणून पोट भरत असे. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे तर डोंगर ओलांडावा लागे. त्यामुळे प्रत्येक खोऱ्याचे आपले शहर, आपले कायदे, आपले नाणे आणि शेजाऱ्याशी आपले भांडण. भाषा एक, देव तेच, पण प्राचीन काळात सगळ्या ग्रीकांनी आपखुशीने एक राज्य केले असे कधी झाले नाही.

डोंगराने तोडले आणि समुद्राने जोडले. कॉरिंथजवळ जमिनीची चिंचोळी पट्टी सुमारे ६ किलोमीटर रुंद आहे. तिच्यावर फरसबंद वाट करून हे लोक जहाजे व माल गाड्यावर घालून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढून नेत. तेथे कालवा झाला तो १८९३ साली! आणि जमीन पुरेना तेव्हा माणसे बाहेर पडली. थेरा बेटावर दुष्काळ पडला त्याची हकीकत हिरोडोटसने लिहून ठेवली आहे. दोन भावांपैकी एकाने चिठ्ठी टाकून परदेशी जायचे, असे ठरले. गेलेले लोक परत आले तर गाववाल्यांनी त्यांच्यावर मारा करून त्यांना किनाऱ्याला लागू दिले नाही. शेवटी त्यांनी आजच्या लिबियात सायरीन शहर वसवले. ज्यांच्या घरचा मुलगा समुद्रापलीकडे कमवायला गेला आहे त्यांना या गोष्टीतले दुःख समजावून सांगायला नको.

आता या देशातल्या आधीच्या लोकांकडे वळू. क्रीट बेटावर नोसॉस येथे मोठा राजवाडा होता. १९०० सालापासून सर आर्थर इव्हान्स यांनी तो खणून काढला. तेथील मूळ लोक ग्रीक नव्हते आणि त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही. मुख्य भूमीवर मायसिनी, पायलॉस येथे ग्रीक राजांचे वाडे उभे राहिले. त्यांनी क्रीटच्या लिपीवरून आपली लिपी केली. मातीच्या पाट्यांवरील ही लिपी कोणाला उलगडत नव्हती. विद्यार्थी मित्रहो, हे नीट ऐका. १९३६ साली लंडनच्या एका प्रदर्शनात वृद्ध इव्हान्स या पाट्यांविषयी सांगत होते आणि १४ वर्षांचा मायकेल व्हेंट्रिस हा शाळकरी मुलगा ते ऐकत होता. पुढे तो वास्तुशिल्पी झाला, प्राध्यापक नव्हे. पण त्याने तो नाद सोडला नाही आणि १९५२ साली, तिशीच्या आतबाहेर, ही भाषा ग्रीकच आहे असे दाखवून दिले.

वाचल्यावर त्या पाट्यांत काय निघाले? हिशेब. मेंढ्या किती, लोकर किती, कोणाला किती धान्य. पायलॉसच्या पाट्यांत वाड्यावर राबणाऱ्या बायकांच्या टोळ्यांची मोजदाद आहे : अमुक ठिकाणच्या इतक्या बायका, इतकी मुले, इतका गहू, इतके अंजीर. लिहिणे वाड्यातील थोड्या कारकुनांनाच येत होते. इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास हे वाडे एकामागून एक जळाले व पडले. त्या आगीत भाजल्यामुळेच पाट्या टिकल्या. पण वाड्याबरोबर कारकून गेले आणि कारकुनांबरोबर लेखनविद्याही गेली. जवळजवळ ४०० वर्षे ग्रीसमध्ये लिहिणे-वाचणे नाहीसे झाले. एका अख्ख्या लोकसमूहाची विद्या बुडाली, कारण ती मूठभर लोकांच्या हातात होती.

मग ती परत आली कोठून? आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून. सूर आणि सैदा येथील फिनिशियन व्यापारी अरबीशी नाते असलेली एक भाषा बोलत. त्यांची अक्षरे ग्रीकांनी घेतली. हिरोडोटसही तसे मोकळेपणाने लिहितो. गणितात तुम्ही अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा म्हणता ना? आता अबजद म्हणा : अलिफ, बे, जीम, दाल. पुढे काफ, लाम, मीम, नून. तिकडे कॅप्पा, लॅम्ब्डा, म्यू, न्यू. 'बे'चे मूळ नाव म्हणजे घर, आपले अरबी 'बैत'. अबजदमध्ये अक्षरांना किमती आहेत, म्हणून तर बिस्मिल्लाहची बेरीज ७८६ भरते. ग्रीकांनीही आपल्या अक्षरांना अशाच किमती दिल्या : लॅम्ब्डाचे ३०, म्यूचे ४०, न्यूचे ५०, जसे लाम, मीम, नूनचे.

ग्रीकांनी त्यात एक भर घातली. उर्दू वाचणाऱ्या मुलांना ठाऊक आहे की जेर-जबर लिहिलेले नसतात, वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. फिनिशियन लिपीतही नुसती व्यंजनेच होती. ग्रीकांना जी अक्षरे नको होती, उदाहरणार्थ ऐन, ती त्यांनी 'अ', 'ए', 'ओ' अशा स्वरांसाठी वापरली. वीस-पंचवीस खुणांत सारी भाषा मावली. शिकायला सोपी, म्हणून ती वाड्यात अडकून पडली नाही. अथेन्सला इ. स. पूर्व ७४० च्या सुमाराची एक सुरई सापडली. तिच्यावर ती चांगल्या नाचणाऱ्याचे बक्षीस असल्याचे कोरले आहे. इ. स. पूर्व ५९० च्या सुमारास इजिप्तमध्ये चाकरीला गेलेल्या ग्रीक शिपायांनी अबू सिंबेलच्या प्रचंड पुतळ्याच्या पायावर आपली नावे खरडली. पुरातत्त्वाच्या दृष्टीने वाईट सवय. पण साधा शिपाई नाव लिहू शकत होता, हे त्यावरून कळते.

अथेन्समध्ये तर खापरीवर नाव लिहून एखाद्या बलाढ्य पुढाऱ्याला १० वर्षे शहराबाहेर घालवता येई. त्यासाठी किमान ६,००० खापऱ्या लागत. १९३० च्या दशकात तेथील एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या मिळाल्या. हस्ताक्षर तपासले तेव्हा त्या जेमतेम १४ जणांनी लिहिलेल्या निघाल्या. म्हणजे विरोधकांनी आधीच लिहून वाटायला ठेवलेल्या. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी लिहून द्यायला कोणीतरी नेहमीच तयार असतो. पालक बंधूंनो, कचेरीच्या दारात दुसऱ्याकडून अर्ज भरून घेताना आपण अंगठा कशावर उठवला हे आपल्यापैकी कितीजणांना समजते?

मात्र या अथेन्सचे कौतुक बेताने करावे. मत फक्त नागरिक पुरुषाला. इ. स. पूर्व ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा केला की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. परक्या शहरातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूस वर्षाला १२ द्राख्मा कर भरी, लढाईलाही जाई, पण सभेत त्याला जागा नव्हती. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत गुलाम राबत. त्याच चांदीतून अथेन्सचे आरमार उभे राहिले आणि इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसला इराणचा पराभव झाला. आईचे नागरिकत्व मुलासाठी लागे, पण आईला स्वतःला मत नव्हते. मुलगी १४-१५ वर्षांची झाली की तिचे लग्न तिच्याहून दुप्पट वयाच्या पुरुषाशी होई. मुलगे शिक्षकाकडे जात, मुली घरी सूतकताई व विणकाम शिकत. बायका लिहू-वाचू लागल्या तर घर मोडेल, अशी भीती तेथेही असणार.

तरीही काही जणी वाचत होत्या. पायलॉसच्या पाट्यांत बायका नावाशिवाय मोजल्या होत्या. अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात इ. स. पूर्व ४४० ते ४३० च्या सुमाराचा पाण्याचा एक मातीचा हंडा आहे. त्याच्यावर लेस्बॉस बेटाची कवयित्री सॅफो हातात गुंडाळी उलगडून वाचत बसली आहे, आसपास तीन बायका उभ्या आहेत, आणि चित्रात तिचे नाव लिहिलेले आहे.