पोराच्या हाती किल्ली

माहूरगडाची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची अवघड वळणे वेगळी सांगायला नकोत. रेणुकामातेच्या दर्शनाला जा की दत्तशिखराला, रस्ता चढणीचा. नवरात्रात आणि दत्तजयंतीला तर माणसांची रीघ लागते. अशा वाटेवर, मिसरूडही न फुटलेला पोरगा मागे दोन मित्र बसवून मोटारसायकल भरधाव नेताना दिसला, की छातीत धस्स होते. घरची मंडळी मात्र कौतुकाने म्हणतात, "आमचा बाळू आत्तापासूनच गाडी चालवतो बरं का!"

आणि काही झालेच तर? "विमा आहे की!" हे उत्तर तयार असते. श्रोतेहो, नेमके इथेच आपण फसतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी चालवायला अठरा वर्षे पुरी लागतात. पन्नास सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला सोळा वर्षे चालतात. पण आपल्या घरोघरी असलेल्या मोटारसायकली शंभर सी.सी.च्या आणि त्याहून मोठ्या. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. आता अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. "मला ठाऊक नव्हते" असे नुसते म्हणून भागत नाही. ते बापाला सिद्ध करावे लागते.

आता विम्याचे. परवाना नसलेल्याच्या हातून गाडी मोडली, तर दुरुस्तीचा खर्च विमा कंपनी नाकारते. वाटसरू जखमी झाला किंवा दगावला, तर न्यायालय पुष्कळदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते. पण ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभाही तिला देते. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराने ती आणायची कुठून? म्हणजे वर्षानुवर्षे हप्ते भरायचे, आणि गरज पडेल तेव्हा हाती कोरा कागद!

मग विमा स्वस्त पडावा कसा? तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्याचा दर सरकार ठरवते. तिथे घासाघीस नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेतला असेल, तर एक वर्ष दावा न केल्यास त्या भागाच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते. ओळीने पाच वर्षे दावा केला नाही, तर ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत विम्याचे नूतनीकरण मात्र करायला हवे, नाहीतर साचलेली सूट गेली. तेव्हा सावधपणे गाडी चालवणे हाच हप्ता कमी करण्याचा सरळ मार्ग.

मुलाला हौस आहे, ती मारू नका. तिला शिस्त लावा. अठरा पुरी होईपर्यंत कॉलेजला एसटीचा सवलतीचा पास उत्तम. पुढे शिकाऊ परवाना काढा, आणि जाणत्या माणसाला सोबत देऊन मोकळ्या रस्त्यावर शिकू द्या. घाटात लगेच नको. ज्या गिअरमध्ये चढ चढलो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हे त्याला शिकवा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडण्याची खोड आपल्याकडे फार; त्यात सगळा भार ब्रेकवर येतो आणि गाडी हाताबाहेर जाते. हेल्मेट चालवणाऱ्याने घालावे, मागच्यानेही घालावे. मागे बसणारा एकच.

सर्वांत मोठी शिकवण मात्र बापाची स्वतःची. तोच बिनहेल्मेटचा निघाला, तर पोराने काय घ्यावे?

विमा पैसे देतो. गेलेले माणूस देत नाही. म्हणून मायबापहो, परवाना हाती येईपर्यंत गाडीची किल्ली खुंटीवर ठेवू नका, आपल्या कनवटीला ठेवा. पोरगा चार दिवस रुसेल. रुसू द्या.