जुनी हार्ड डिस्क जोडताना

(कारेगाव, ता. शिरूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



येथून जवळच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे यंत्र अडले तर दुरुस्तीस जाणकार माणूस असतो. आपल्या शाळेतला संगणक अडला, तर त्याचे वैद्य आपणांसच व्हावे लागते. त्या वैद्यकीत मी केलेली एक चूक आज सांगणार आहे.

आमच्या शाळेचा जुना संगणक निकामी झाला. त्याच्या हार्ड डिस्कवर जनरल रजिस्टरच्या जीर्ण पानांची छायाचित्रे होती. पणजोबांच्या नावापुढील एका नोंदीवर पणतवाची जात-पडताळणी कशी अवलंबून असते, हे आपण जाणताच. मी ती डिस्क दुसऱ्या संगणकात जोडली. संगणक सुरू झाला आणि क्षणार्धात बंद पडला. डिस्क काढली की तो सुरळीत चाले. एवढा स्पष्ट पुरावा समोर असूनही, ‘व्हायरस असेल’ या एका हितचिंतकाच्या बोलण्यावर मी विसंबलो आणि त्या संगणकाची मूळची, निर्दोष डिस्क फॉरमॅट केली. वर्षाची निकालपत्रके पुसली गेली. जुनी डिस्क पुन्हा जोडताच संगणक पूर्ववत बंद पडला!

दोष विजेच्या पुरवठ्यात होता. मोठ्या, म्हणजे साडेतीन इंची डिस्कची तबकडी प्रथम फिरू लागते, तेव्हा ती १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढते; एकदा वेग घेतल्यावर तिची भूक पुष्कळ कमी होते. धुळीने भरलेला, जुना झालेला एसएमपीएस तो पहिला भार पेलू शकत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. प्रथम भिंतीवरील बटण बंद करून वायर काढावी. मग दुसऱ्या डिस्कला केवळ विजेची तार जोडावी, माहितीची केबल जोडू नये. एवढ्यानेच संगणक बंद पडला, तर दोष एसएमपीएसमध्ये, तारेच्या जोडात किंवा डिस्कच्या विद्युत्-पट्टीत आहे. तसे न होता केबल जोडल्यावरच तो अडत असेल, तर केबल बदलून पाहावी. तरीही अडला, तर बायोस उघडून कोणत्या डिस्कवरून संगणक सुरू होतो ते पाहावे. जुन्या डिस्कवरही विंडोज असते, आणि परक्या यंत्रावर ते सुरू होऊ लागले की निळा पडदा दिसतो. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असल्यास मात्र प्रयोग तत्काळ थांबवावा व ती जाणकाराकडे द्यावी. घरी उघडण्याची हौस कोणी करू नये.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढाच तिचा अर्थ. कारण ती सांगत नाही. ‘ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर आत माहिती असेतो ‘नाही’ म्हणावे.

अखेरीस स्वतंत्र अडॅप्टर असलेल्या बाहेरच्या पेटीत ती डिस्क बसविली, कारण यूएसबीतून मिळणारे ५ व्होल्ट मोठ्या डिस्कला पुरत नाहीत. छायाचित्रे उतरली. एक पान उघडले नाही. ते मूळ रजिस्टर काढून पुन्हा टिपले. निकालपत्रके मात्र आम्ही चौघांनी चार संध्याकाळी बसून कागदांवरून पुन्हा भरली.